मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या मार्गिका वाढवण्याऐवजी रेल्वे वाढवली, तर कोंडी कमी होईल का?

हो, नक्कीच कमी होईल. पण नुसत्या गाड्या वाढवून नाही, आधी घाटातली रेल्वे सुधारावी लागेल. साधा हिशेब बघा. द्रुतगती मार्गाच्या एका मार्गिकेवरून तासाला फार तर 2000 मोटारी जातात, मोटारीत दोघे धरले तर 4000 माणसं. 16 डब्यांच्या वंदे भारतमध्ये 1128 आसनं असतात, म्हणजे अशा चार गाड्या तासाला सुटल्या की एका मार्गिकेचं काम झालं. शिवाय नवी मार्गिका मोकळी दिसली की घरी राहिलेल्या मोटारीही रस्त्यावर येतात आणि काही वर्षांत पुन्हा तीच रांग लागते.

खरी अडचण बोरघाटात आहे. कर्जत–लोणावळा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका तीव्र आहे, त्यामुळे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिनं (बँकर) जोडतात. डेक्कन क्वीन 1930 पासून धावते, आणि आजही 192 किलोमीटरला तिला तीन तासांहून जास्तच लागतात! म्हणून माझ्या मते आधी हवा तो घाटातला कमी चढाचा, बोगद्यांचा नवा मार्ग आणि लोणावळा–पुणे जादा रुळ. एवढ्या अंतराला ताशी 320 किलोमीटरची बुलेट ट्रेन लागत नाही, 160 चा वेगही पुरेल.

एक मात्र आहे: स्टेशनवरून हिंजवडीला किंवा वाकडला पोचायला मेट्रो आणि बस वेळेवर मिळाली नाही, तर लोक मोटारच काढतील.