तुमचे प्रश्न: डॅमेजचा हिशोब

प्रश्न: मॅजिक द गॅदरिंग या कार्डगेममध्ये माझ्या ६/६ क्रीचरला (पहिला आकडा तो किती डॅमेज करतो, दुसरा टफनेस म्हणजे किती डॅमेजला मरतो) ट्रॅम्पल आणि डेथटच या दोन्ही खास शक्ती होत्या, भावाने २/५ ने ब्लॉक केलं आणि म्हणाला ५ डॅमेज ब्लॉकरवरच जाणार, तुला १ च मिळणार. अर्धा तास भांडलो. कोण बरोबर?

उत्तर: तू, भावाला चहा करायला लाव. ट्रॅम्पलमध्ये ब्लॉकर मरेल एवढं डॅमेज आधी त्याच्यावर ठेवायचं, उरलेलं समोरच्या खेळाडूला, आणि डेथटच असला की १ डॅमेज पण जीवघेणंच धरतात, म्हणजे १ ब्लॉकरला आणि ५ थेट भावाला. ब्लॉकर इनडिस्ट्रक्टिबल (डॅमेजने नष्ट न होणारा) असला तरी हिशोब हाच, तो मरत नाही एवढंच.

आता डेथटच नाही असं धर. त्याच २/५ वर आधीच लायटनिंग बोल्ट या कार्डाचं ३ डॅमेज बसलंय तर आणखी २ पुरतात, ४ पलीकडे जातात. पण टफनेस ५ चीच राहते हां, डॅमेज नुसतं अंगावर असतं आणि टर्न संपला की पुसलं जातं. -५/-५ चा इफेक्ट मात्र टफनेसच खाली आणतो, आणि ती ० झाली की इनडिस्ट्रक्टिबल पण वाचत नाही. इथे भलेभले गंडतात, मी पण गंडलोय.