रात्री तीनला जाग येऊन विचार सुरू होतात, त्यावर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऑफिस आणि घराचा हप्ता दिवसभर डोक्यात असतो, रात्री अकराला पडल्या पडल्या झोप लागते, पण तीनच्या सुमारास जाग येऊन पाचपर्यंत विचार चालतात. मग सातपर्यंत जेमतेम डोळा लागतो. मेडिटेशनचं ॲप महिनाभर वापरूनही फरक नाही. मी रात्रीच्या तीनपासून सुरू करतो, कारण दिवसाची चिडचिड आणि कामातल्या चुका बऱ्याच अंशी त्या दोन तासांतून येतात.

तीनला जाग येणं हा आजार नाही. झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये सगळेच थोडेफार जागे होतात. गाढ झोपेचा मोठा हिस्सा पहिल्या तीन-चार तासांतच उरकतो. अकराला झोपलेल्या माणसाची तीननंतरची झोप पातळच असते आणि पहाटेकडे शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोनही वाढायला लागतं. डोक्याला घोर नसलेला माणूस कूस बदलतो, सकाळी त्याला ते आठवतही नाही. तुम्ही मोबाइल उचलून वेळ बघता, "आता चारच तास उरले" असा हिशेब करता, त्या हिशेबानेच छाती धडधडते आणि उरलीसुरली झोप उडते. त्यामुळे जाग थांबवायच्या मागे लागू नका. जाग आल्यानंतर तुम्ही जे करता ते बदलायचं आहे.

मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. गजरासाठी साधं घड्याळ घ्या आणि त्याचं तोंड भिंतीकडे करा. जाग आल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, किंवा त्याआधीच डोकं जोरात सुरू झालं, तर उठा. लोळत राहू नका. स्वयंपाकघरात मंद दिव्यात खुर्चीवर बसा. हॉलमध्ये घरातलं कोणी झोपत असेल तर जागा आधीच ठरवून ठेवा, नाहीतर "उगाच सगळ्यांना उठवायला नको" म्हणून तुम्ही अंथरुणातच पडून राहाल. काहीतरी कंटाळवाणं करा: जुना दिवाळी अंक चाळा, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घाला. टीव्ही नको, ऑफिसची मेल तर नकोच. पापण्या जड झाल्या की परत जा, पुन्हा झोप आली नाही तर पुन्हा उठा. ही पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडली आणि आजही निद्रानाशाच्या उपचारात ती मुख्य आहे. रोज दोन तास अंथरुणात काळजी केली की गादीला पाठ टेकताच मेंदू काळजीच्या तयारीला लागतो. ती सवय मोडायला अंथरूण फक्त झोपेसाठी राखावं लागतं. बहुतेकांचं इथे एकच चुकतं: उठून सोफ्यावर आडवे होतात आणि तिथेच झोपतात. मग सोफ्याची सवय लागते, गादी तशीच राहते.

दुसरा भाग जरा जाचक आहे, पण परिणाम यानेच दिसतो. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही रीत म्हणजे अंथरुणातला वेळ आवळायचा. आधी दोन आठवडे रोज सकाळी अंदाजाने लिहा: किती वाजता पडलो, किती तास झोप झाली, किती वाजता उठलो. समजा तुम्ही अकरा ते सात, म्हणजे आठ तास अंथरुणात आहात आणि झोप सहाच तास होते. सहाला आठने भागून शंभराने गुणलं की ७५ टक्के येतात. आता अंथरुणात सहाच तास घालवायचे. उठायची वेळ सहा ठरवा आणि रविवारीसुद्धा ती पाळा. झोपायची वेळ बारा. आठवडाभराच्या सरासरीने हा आकडा ८५ च्या वर गेला की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं पुढे ढकला, त्याच्या मधे असेल तर बदलू नका. पाच तासांपेक्षा कमी कधीच करू नका. पहिल्या आठ-दहा दिवसांत दिवसा जास्त पेंग येते आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. खरं तर ती साठलेली झोपच पुढे रात्र सलग करते. या काळात दुपारी झोपू नका, अगदीच राहवलं नाही तर तीनच्या आत वीस मिनिटं. फिट येण्याचा त्रास, बायपोलर आजार किंवा झोपेत चालण्याची सवय असेल, गर्भारपण असेल, किंवा गाडी, क्रेन, मशीन चालवण्याचं काम असेल, तर ही रीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आता विचारांचं. "विचार करू नकोस" हा सल्ला घरोघरी मिळतो आणि तो निरुपयोगी आहे. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर ते अस्वल त्यांच्या डोक्यातून जाईना. विचाराला हाकलण्याऐवजी त्याला दिवसातली वेळ द्यायची. संध्याकाळी साडेसहा ते सात, रोज त्याच जागी, अंथरुणापासून लांब. रात्री नऊनंतर नाही. ऑफिसातून यायलाच आठ होत असतील तर जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं चालतील.

वहीच्या पानावर मधे उभी रेघ मारा. डावीकडे काळजी एका वाक्यात, जशी डोक्यात येते तशीच. उजवीकडे त्यावरची पुढची एकच कृती आणि तिची वेळ. कृती पंधरा मिनिटांत सुरू करता येईल इतकी बारीक हवी. "पैशाचं बघायला हवं" ही कृती नाही, ती काळजीच आहे, फक्त उजवीकडे लिहिलेली. "१५ तारखेला शाळेची फी, आठ हजार कमी पडतात" याच्यासमोर "उद्या अकराला शाळेच्या ऑफिसात दोन हप्त्यांत भरता येईल का विचारणे" असं हवं. हप्त्याचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनेप्रमाणे बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात दर नव्याने ठरतो तेव्हा हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यायचा असतो. तेव्हा उजवीकडे येईल: "शनिवारी बँकेत विचारणे, मुदत तीन वर्षं वाढवली तर हप्ता कितीने उतरतो आणि एकूण व्याज कितीने चढतं." उत्तर आवडेलच असं नाही, पण आकडा हातात आला की रात्री चघळायला कमी उरतं.

काही काळज्यांसमोर कृती लिहिताच येत नाही. "कंपनीने माणसं कमी केली तर?" यातलं जे करण्यासारखं आहे तेवढं आधी काढून घ्या: घराचा महिन्याचा अत्यावश्यक खर्च किती, तो किती महिने निघेल इतकी शिल्लक आहे, बायोडेटा शेवटचा कधी नीट केला. बाकी राहतं त्याच्यासमोर "आज काही करता येत नाही, १ तारखेला पुन्हा बघणे" असं लिहा आणि खरोखरच १ तारखेला बघा. ती तारीख पाळली नाही की वहीवरचा भरवसा जातो आणि सगळं परत रात्रीवर येतं. वेळ संपली की वही मिटा, वाक्य अर्धं असलं तरी. तीनला जाग येऊन तोच विचार आला की मनाशी एवढंच म्हणायचं: हे वहीत आहे, उद्या साडेसहाला. नवीन काही सुचलं तर उशाजवळच्या चिठ्ठीवर अंधारातच एक शब्द खरडा.

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणंही उपयोगी पडतं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या प्रयोगात अशी यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितका फायदा जास्त दिसला. जाता जाता आणखी एक: नवरा-बायकोने हप्ता, फी, सासर-माहेरची देणीघेणी हे विषय रात्री दहाला काढू नयेत. रविवारी सकाळचा अर्धा तास त्यासाठी ठरवून टाका.

ॲपचा उपयोग का झाला नाही? तुम्ही ते तीनला, झोप यावी म्हणून लावत होतात. "आली का झोप?" असं दर दोन मिनिटांनी तपासत केलेलं ध्यान म्हणजे परीक्षाच. श्वसनाचा सराव दिवसा करा, दोन वेळा पाच-पाच मिनिटं: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके संथ होतात, मुद्दा तोच आहे. छाती फुगवून खोल ओढू नका. जास्त हवा खेचली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेला माणूस आणखी घाबरतो. लोकलमध्ये, एसटीत, मीटिंगच्या आधी, कुठेही होतं हे. दोन-तीन आठवडे हात बसल्यावर मग ते रात्री कामाला येतं.

चहाचा हिशेब आपण कमी धरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार एका चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, १५० मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, तर गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं. दिवसाची मर्यादा ३००. त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला सुमारे पाच तास लागतात. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करा, पण एकदम नको, डोकं ठणकेल. तीन-चार दिवसांनी एकेक कप कमी करत चला. रात्रीची मिश्री आणि तंबाखूही त्यातच आली, निकोटिन झोप उडवतं. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री तुटते, म्हणजे नेमकी तुमची तक्रार. रोज अर्धा तास भरभर चालणं, शक्यतो सकाळच्या उजेडात, याबद्दल वेगळं सांगायला नको.

शरीराचं कारण वगळल्याशिवाय सगळं मनावर ढकलू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, सकाळी डोकं दुखणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी हवी. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागत असेल तर साखर बघा. टीएसएच (थायरॉइडची चाचणी), रक्ताची साधी तपासणी आणि बी १२ फॅमिली डॉक्टरांकडून एकदा करून घ्या. चालू औषधंही त्यांना दाखवा, स्टेरॉइडसारख्या काही गोळ्या झोप मोडतात.

ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून अल्प्राझोलाम ही झोपेची-चिंतेची गोळी आणून खाणं टाळा, हे मी जोर देऊन सांगेन. २०१४ पासून ती एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदही ठेवायची. काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीचा असर कमी होतो, मग माणूस एकाच्या दोन करतो. आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. सुरू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात.

हे सगळं सहा आठवडे नीट करूनही फरक नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. दोन आठवड्यांपासून बहुतेक दिवस मन उदास आहे, कशातच गोडी नाही, सकाळी उठताना सर्वांत वाईट वाटतं, भूक गेली आहे, असं असेल तर सहा आठवडे थांबूच नका, कारण पहाटे लवकर जाग येणं नैराश्यातही असतं. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२ लावा किंवा जवळच्या रुग्णालयात जा, आणि माणसाला एकटं सोडू नका.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि गोळ्या देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. नैराश्यावरच्या आधुनिक गोळ्यांची अल्प्राझोलामसारखी चटक लागत नाही, पण गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि सुरुवातीला मळमळ, बेचैनी होऊ शकते. हे माहीत नसल्याने लोक पाचव्या दिवशी सोडतात. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पहिल्या भेटीला झोपेची दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, आयुर्वेदिकसुद्धा.