मिठागराच्या उरलेल्या पाण्यातून लिथियम काढता येईल का?

तुम्ही लिहिलंय की उरणजवळ वडिलांचं मिठागर आहे. चिलीत खाऱ्या तळ्यांतून लिथियम काढतात, मग मीठ ओढून झाल्यावर आपण खाडीत सोडून देतो त्या पाण्यातून ते का निघू नये?

निघेल, पण परवडणार नाही. कुणी त्यासाठी भागीदारी मागत असेल तर कृपा करून पैसे गुंतवू नका.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात लिथियम असतं साधारण ०.१७ मिलिग्रॅम. म्हणजे एका किलोसाठी ५९ लाख लिटर, १० हजारी टँकर धरले तर जवळपास ६००. मीठ पडल्यावर पाणी आटून चाळिसाव्या हिश्शावर आलं असं धरलं, तरी लिटरमागे ७ मिलिग्रॅमच. चिलीच्या आटाकामात हाच आकडा हजाराच्या पुढे आहे. शिवाय तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, पाणी वर्ष-दीड वर्ष उन्हात आटवता येतं. आपल्याकडे जून लागला की आगर पाण्याखाली.

त्यात मॅग्नेशियम आडवं येतं. त्याच ५९ लाख लिटरांत ते साडेसात टन निघेल, आणि दोघांचे आयन आकाराने इतके जवळचे की वेगळे करताना घाम फुटतो.

मला विचाराल तर त्या मॅग्नेशियमचाच विचार करा. उरलेलं पाणी बोटांवर चोळून बघा, तेलकट, बुळबुळीत लागेल. चव कडूजहर. हे बरंचसं मॅग्नेशियम क्लोराइड. पावसाळ्यात आगरातल्या मिठाला पाणी सुटतं तेही त्याच्यामुळेच. या पाण्यात चुना कालवून घातला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा पांढरा साका बसतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रीपोर्टला डाऊ कंपनीने १९४१ साली समुद्राच्या पाण्यातून धातू काढायला सुरुवात केली, ती याच वाटेने. मात्र आपल्या पाण्यात सल्फेट असतं. थेट चुना घातलात तर साक्यात जिप्सम मिसळेल, म्हणून आधी कॅल्शियम क्लोराइड घालून सल्फेट जिप्समच्या रूपात खाली बसवायचं. साकाही चिकट, निवळायला आणि धुवायला फार वेळ घेतो.

ब्रोमिनही या पाण्यात आहे, गुजरातेत मोठ्या मिठागरांवर काढतात. पण त्याला क्लोरीन वायू लागतो, एकट्या आगराने त्या वाटेला जाऊ नये.

भावनगरला केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था आहे, तिचं याच पाण्यावर बरंच काम झालंय. त्यांना लिहिण्याआधी पाणी किती बोमेला (बोमे म्हणजे पाण्याच्या घनतेचं माप) सोडता ते मोजून ठेवा. २९-३० च्या खाली सोडत असाल तर त्यात अजून बरंच मीठच आहे.