ठासणीच्या रायफलसाठी चकमक, केप की 209 प्रायमर?

तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, सध्या पेनसिल्व्हेनियात आहात. हरणाच्या शिकारीसाठी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बार भरायची, तिकडची मझलोडर रायफल घ्यायची आहे आणि बार पेटवायची कुठली पद्धत बरी, असं विचारलंय. मी उद्यमनगरात मशीनशॉप चालवतो. त्याआधी काही वर्षं पिट्सबर्गच्या बाजूला फाउंड्रीत नोकरीला होतो, तेव्हा हा नाद लागला.

सगळ्यात चांगली पद्धत कुठली, हा वाद बाजूला ठेवा. तुम्ही रानात कधी जाणार ते आधी ठरवा. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या मझलोडर सीझनला केपवाली (घोड्याच्या टोल्यानं पेटणारी छोटी टोपी) चालते, 209 प्रायमरची नव्या घडणीची इनलाइनही चालते. नाताळनंतरचा जो सीझन आहे तो मात्र फक्त चकमकीचा, म्हणजे फ्लिंटलॉकचा. 1974 पासून तिकडं ही परंपरा आहे. दोन्ही सीझन हवे असतील आणि रायफल एकच घ्यायची असेल, तर फ्लिंटलॉक घ्या, विषय संपला. यंदाची नियमपुस्तिका तेवढी एकदा वाचून घ्या. दर राज्याचे नियम वेगळे असतात. उद्या बदली होऊन आयडाहोला गेलात तर तिथल्या खास मझलोडर सीझनला 209 चालत नाही.

फ्लिंटलॉक उशिरा पेटते, पावसात फुसका बार जातो, असं तुम्हाला दहा जण सांगतील. नीट लावलेली चकमक कानाला जवळजवळ केपसारखीच लागते. ठिणगी गारेतून, म्हणजे चकमकीच्या दगडातून निघते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण गार फक्त खरवडते. घोडा झेपावला की गारेची धार समोरच्या पोलादी पट्टीवर, म्हणजे फ्रिझनवर घासते आणि पोलादाचे तापलेले बारीक कण खाली वाटीतल्या रंजकावर, म्हणजे पेटवणीच्या चिमूटभर दारूवर पडतात. म्हणजे खरा खेळ फ्रिझनला दिलेल्या पाण्याचा, म्हणजे पोलादाच्या कडकपणाचा आहे. ते मऊ असेल तर गार कितीही भारी आणा, उजेड पडत नाही. स्वस्त रायफलीत नेमकं इथंच मारलेलं असतं. घेताना दुकानदाराला विचारून रिकाम्या बंदुकीचा घोडा अंधाऱ्या कोपऱ्यात पाडून बघा. पांढऱ्या, जाडसर ठिणग्या वाटीत पडल्या पाहिजेत. लाल, बारीक आणि लगेच विझणाऱ्या असतील तर ती रायफल जिथली तिथं ठेवा.

रेंगाळण्याचं दुसरं कारण म्हणजे वाटी काठोकाठ भरायची हौस. रंजक अर्ध्या वाटीच्या आतच हवं आणि नळीच्या बाजूचं बारीक भोक मोकळं हवं. त्या भोकात दारू भरली की ती वातीसारखी सरकत जळते आणि ‘फुस्स... धडाम’ असा आवाज येतो. भोक मोकळं असेल तर ज्वाळा थेट आत उडी मारते. म्हणून बार ठासल्यावर भोकातून एकदा तारेची सुई फिरवायची.

उरलेला दोष माणसाचा. डोळ्यांसमोर भडका उडतो, आपण दचकतो आणि नेम हलतो. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं काय सांगायचं? चाप ओढल्यावरही नेम तसाच धरून ठेवायचा, हे रेंजवरच्या पोरांना पहिल्यापासून घोकवतात. घरी सराव करायचा तर गारेच्या जागी लाकडाचा तुकडा आवळा आणि घोडा पाडत बसा. फ्रिझनही झिजत नाही.

दारूचं मात्र आधी बघा. फ्लिंटलॉकला अस्सल काळी दारूच लागते. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन या काळ्या दारूच्या जागी वापरायच्या दारूंना पेटायला जास्त आंच लागते, चकमकीवर त्यांचा भरवसा नाही. काळी दारू तिकडं प्रत्येक दुकानात ठेवत नाहीत, तेव्हा जवळ कुठं मिळते ते कळल्याशिवाय रायफलचे पैसे मोजू नका. बर्फ भुरभुरत असेल तर लॉकवर, म्हणजे घोडा आणि वाटीच्या भागावर, चरबी चोपडलेलं कातडं बांधायचं आणि रंजक अधूनमधून पुसून नवं घालायचं.

केपची बंदूक आपल्याकडची ओळखीची. चंदगड भागात माझ्या मामांकडं शेतीसंरक्षण परवान्यावरची आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, आणि परत येते तेव्हा निपलमध्ये, म्हणजे केप बसते त्या पोकळ बोंडात, तेल थिजलेलं असतं. मामा निपलमधून सुई फिरवतात, मग नळीत काही न भरता तोंड गवताच्या पात्याजवळ धरून नुसती केप वाजवतात. पातं हललं की वाट मोकळी. मगच बार भरायचा. तुम्ही केप घेतलीत तर रानात जायच्या आधी एवढं तरी कराच. आणि 11 नंबरच्या केपपेक्षा मस्केट कॅप या मोठ्या केपचं निपल बसवलंत तर आंच जास्त मिळते. पायरोडेक्स वापरणाऱ्याला ते बरं.

209 बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो शॉटगनच्या काडतुसाचा प्रायमर, आंच भरपूर, वरून बंदिस्त, पावसाची फारशी फिकीर नाही. ब्लॅकहॉर्न 209 ही दारू तर त्याच्यासाठीच केलेली. पण ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बुचाच्या, आट्यांना अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावायचा कंटाळा केलात, तर तो प्लग पुढच्या वर्षी पान्याला दाद देत नाही. असले जाम झालेले आटे सोडवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून सांगतोय.

तिन्हींत काहीही घ्या, बार फुटला नाही तर निदान एक मिनिटभर नळी निशाणाकडेच धरून ठेवा. आत ठिणगी धुमसत असू शकते. आणि काळी दारू असो वा पायरोडेक्स, शिकारीवरून आलात की त्याच संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्यानं नळी धुवायची. तिची राख हवेतली ओल ओढते आणि नळी गंजते.

रायफल पुढंमागं कोल्हापूरला आणायचा विचार असेल तर तो सोडा. आपल्याकडं ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळं इथं हरणाची शिकार हा सरळ गुन्हा आहे.