पीए सिस्टिमला गिटार लावली की आवाज चिरका येतो. नवं पेडल घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरच्या छोट्या अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन पेडल मस्त वाजतं, पण कार्यक्रमात तेच पेडल पीएच्या, म्हणजे हॉलभर आवाज पोचवणाऱ्या यंत्रणेच्या, मिक्सरला थेट जोडलं की पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा आवाज येतो. पेडल बंद केलं तर क्लीन आवाजही मेल्यासारखा. मिक्सरवर ट्रेबल उतरवूनही फारसा फरक पडला नाही. म्हणून आता दुसरं, महागडं पेडल घ्यावं का?

नका घेऊ. नवं पेडलही तितकंच भुणभुणेल.

मी स्वतः या वाटेने गेलोय. पहिल्या कार्यक्रमात पेडलची वायर सरळ मिक्सरमध्ये खुपसली होती. सोलो सुरू केला आणि मिक्सरवर बसलेला माणूस उठून वायरी हलवून बघायला लागला. त्याला वाटलं, कुठेतरी जोड सैल झालाय! मी मात्र डोळे मिटून वाजवत होतो.

गडबड पेडलमध्ये नसते, जे गायब आहे त्यात असते. आणि गायब आहे तो अ‍ॅम्पचा स्पीकर. गिटार अ‍ॅम्पमधला १२ इंची स्पीकर 'जसंच्या तसं ऐकवणारा' स्पीकर नव्हेच. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने पडतो, आणि त्याच्या जरा खाली, २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, त्याला स्वतःचा एक उठाव असतो. डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचे माथे छाटणं. त्या छाटणीतून वरच्या पट्टीतले असंख्य हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले उपसूर, तयार होतात. अ‍ॅम्पचा स्पीकर ते गिळून टाकतो आणि आपल्याला उरलेला गोड भाग ऐकू येतो. पीएच्या स्पीकरमधला हॉर्न, म्हणजे वरच्या पट्टीचा भोंगा, मात्र १५-१६ किलोहर्ट्झपर्यंत सगळं इमानदारीत वाजवतो. तीच तुमची गांधीलमाशी.

ट्रेबलने का भागलं नाही, तेही यातच आलं. छोट्या मिक्सरवरचं ट्रेबलचं बटण बहुधा १०-१२ किलोहर्ट्झच्या आसपास काम करतं. कचकच असते ५ ते ८ मध्ये. तिथे त्या बटणाचा हात नीट पोचतच नाही.

क्लीन आवाज मेल्यासारखा येण्याचं कारण वेगळं आहे. तुमचं पेडल बहुतेक ट्रू बायपास असावं, म्हणजे बंद केलं की गिटार सरळ मिक्सरलाच जोडली जाते. साध्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला समोर १ मेगाओहमच्या आसपास इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विद्युत विरोध, लागतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला तो बऱ्याचदा १०-२० किलोओहमच असतो. पिकअपवर इतका भार पडला की वरची चमक आणि बोटांचा तडाखा दोन्ही जातात. मध्ये अ‍ॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी छोटी डबी) टाका किंवा एखादं बफर, म्हणजे पिकअपवरचा भार हलका करणारं सर्किट, असलेलं पेडल कायम चालू ठेवा, काम होतं. काही मिक्सरवर 'हाय-झेड' किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण असतं. असेल तर आधी ते दाबून बघा, फुकटात सुटाल.

पण डीआय बॉक्सने गांधीलमाशी मरत नाही, हे लक्षात ठेवा. तो फक्त सिग्नल नीट पोचवतो. स्पीकरची नक्कल करायला कॅब (कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी) सिम्युलेशन लागतं. ते साखळीत डिस्टॉर्शनच्या नंतर येतं. त्याचं वेगळं छोटं पेडल मिळतं, काही डीआय बॉक्समध्येही ते असतं, आणि मल्टिइफेक्टमध्ये, म्हणजे अनेक पेडल एकाच यंत्रात असतात त्यात, तर हल्ली बहुधा असतंच. मल्टिइफेक्ट असेल तर आउटपुटची सेटिंग तपासा. ती 'अ‍ॅम्प'वर राहिली असेल तर काही यंत्रांत कॅब सिम्युलेशन आपोआप बंद होतं. ती 'लाइन' किंवा 'मिक्सर'वर हवी. आयआर, म्हणजे खऱ्या कॅबिनेटसमोर माइक ठेवून घेतलेला त्याचा ध्वनीठसा, टाकायची सोय असेल तर उत्तमच. फक्त दोनशे आयआर उतरवून घेऊन रात्री घालवू नका. एक बरा निवडा आणि त्यालाच चिकटून राहा.

पैसे घालायचे नसतील आणि मिक्सर डिजिटल असेल, तर एक प्रयोग करा. चॅनलवर लो-पास फिल्टर (ठरवलेल्या पट्टीच्या वरचं कापणारा) लावा, डिस्टॉर्शन चालू ठेवून एक पॉवर कॉर्ड सोडा आणि फिल्टर १२ किलोहर्ट्झपासून हळूहळू खाली आणा. आठपर्यंत 'काही होत नाहीये' असंच वाटेल. सहाच्या खाली आलात की कुणीतरी गांधीलमाशीवर घोंगडी टाकल्यासारखी भुणभुण दबते आणि कॉर्ड एकदम जाड होते. तिथेच थांबा. चारच्या खाली गेलात तर गिटार शेजारच्या खोलीत गेल्यासारखी वाटेल. खालून हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) ८० ते १०० हर्ट्झवर. खालची ई तार ८२ हर्ट्झची आहे. त्याखालचं मैदान बेस आणि किकचं. खऱ्या कॅब सिम्युलेशनची सर याला नाही, पण वेळ निभावते.

आता ज्यावर सगळे आपटतात ते. घरी हेडफोनवर तासभर बसून बनवलेला पॅच, म्हणजे साठवलेली आवाजाची सेटिंग, स्टेजवर घात करतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज मोठा झाला की कानाला बेस आणि ट्रेबल तुलनेने जास्त जाणवतात. हळू आवाजात आपण तेच दोन वाढवतो, मिड कापतो, आणि हॉलमध्ये निघतो घुमणारा, टोचणारा आवाज, ज्यात सूर शोधावा लागतो. म्हणून पॅच बनवायचा तो पीएच्याच स्पीकरवर, सरावाच्या जागी, वाजवाल तितक्या आवाजात. गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) घरच्यापेक्षा चांगला तिसऱ्या हिश्शाने कमी. एकट्याने वाजवताना तो सुका वाटेल, ड्रम सुरू झाले की बरोबर बसेल. मिड वाढवायला लाजू नका, गिटार राहतेच तिथे.

एक पर्याय राहिलाच: घरचा अ‍ॅम्प सोबत नेणं. एसएम५७ सारखा माइक जाळीला जवळजवळ टेकवायचा, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर रोखून. मध्याकडे सरकवला तर आवाज उजळतो, कडेकडे नेला तर मऊ होतो. बोटभर अंतरानेही जाणवण्याइतका फरक पडतो. मला अजूनही हाच मार्ग आवडतो, पण पाठीला नाही. फक्त अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट मिक्सरमध्ये चुकूनही घालू नका. मिक्सर जळू शकतो, आणि अ‍ॅम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकरचा भार नसल्याने त्याचा ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो. आणि डीआय वापरताना गुरगुर येत असेल तर त्यावरचं ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगची जोडणी तोडणारं बटण) दाबून बघा.

हे सगळं केल्यावरही पहिल्यांदा थोडा हिरमोड होईल, कारण मागे ठेवलेला अ‍ॅम्प पोटरीवर जी हवा मारतो ती मॉनिटरमधून येणार नाही. कॅब सिम्युलेशनमधून येतो तो माइकने टिपलेल्या अ‍ॅम्पचा आवाज, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ऐकतो तसा. प्रेक्षकांना एरवीही तोच ऐकू जातो. मला सवय व्हायला तीन-चार कार्यक्रम लागले. पेडलचं मॉडेल आणि मिक्सर कोणता ते कळवलंत तर नेमकं कोणत्या इनपुटला काय लावायचं ते सांगतो.