ओस पडत चाललेल्या उपनगरी मॉलच्या जागेत घरं बांधली तर दुकानं तगतात का?

तगतात, पण नुसत्या घरांच्या जोरावर नाही. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या लेकवुडचं उदाहरण घ्या. तिथला १९६६ साली उघडलेला व्हिला इटालिया मॉल २००१ मध्ये बंद पडला. तो पाडून सुमारे १०० एकरांवर नवे रस्ते आखले, रस्त्यांनी वेढलेले २२ भूखंड केले आणि २००४ पासून बेलमार नावाची नवी वस्ती उभी राहिली: खाली दुकानं, वर घरं, मध्ये मोकळा चौक.

माझ्या मते खरं काम त्या रस्त्यांनी केलं: घरातून पायी दुकानात जाता येऊ लागलं. पार्किंगच्या कडेला चार इमारती उभ्या केल्या, तर रहिवासी गाडी काढून दुसरीकडेच खरेदीला जातात. शिवाय तिथे राहणाऱ्या कुटुंबांवर फार तर किराणा, सलून, दवाखाना चालतो. मोठं डिपार्टमेंट स्टोअर नाही. म्हणून घरं वाढवताना दुकानांची जागा बेधडक कमी करा.