पिकांमधल्या पोषकद्रव्यांचा सार्वजनिक डेटाबेस सुधारायचा असेल, तर सुरुवात कुठून करावी?

नवे आकडे भरण्याआधी, आहेत ते कसे काढले हे लिहा. आमच्या इंदूरकडचं सोयाबीनच घ्या. प्रयोगशाळेत सहसा प्रथिनं थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून ठरावीक गुणकाने गुणतात. ६.४ टक्के नायट्रोजनला ६.२५ने गुणलं की प्रथिनं ४० टक्के, ५.७१ने गुणलं की साडेछत्तीस. दाणा तोच! म्हणून मूळ नायट्रोजन आणि गुणक दोन्ही नोंदवा. ओलावाही हवाच; इंदूरच्या छावणी धान्यमंडीत आलेला दमट माल आणि भट्टीत वाळवलेला नमुना एका रांगेत बसवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत, प्रचंड काम आहे ते. पण नुसतं ‘गहू’ पुरत नाही. शरबती गहू वेगळा, बाफल्याचा (बाफला म्हणजे आमच्याकडची बाटीसारखी कणकेची गोळी) कठिया, म्हणजे ड्युरम गहू, वेगळा. वाण, गाव, हंगाम लिहाच.